बोथट कात्री

तेपाएरूची कात्री बोथट झाली होती, आणि ते तिच्या लक्षात आलं नेमकं रोंगोचे केस कापायच्या दिवशी, सकाळी.

ही कात्री साधीसुधी नव्हती. लांब पात्यांची, काळ्या मुठीची, तिवाएवाए रजईवर शिवायची फुलं कापण्यापुरतीच कपाटातून बाहेर निघणारी. एरवी ती अभ्र्यांच्या चळतीखाली असे. घरातल्या कुणीही तिला कागद दाखवायचा नाही, दोरा दाखवायचा नाही, आणि मासळीचा तर विचारही मनात आणायचा नाही. आज रोंगोची प्रत्येक बट याच कात्रीने कापली जाणार होती, म्हणून तेपाएरूने ती एका चिंधीवर चालवून पाहिली. चिंधी पात्यांच्या मध्ये घडी होऊन बसली, कापली मात्र गेली नाही.

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अकाइती!"

तिची नणंद अकाइती अंगणात बसून बटाट्याच्या सॅलडमध्ये बीट मिसळत होती. कोपरापर्यंत हात गुलाबी झाले होते. "काय गं वहिनी? डुक्कर उमूच्या खड्ड्यातून भाजता भाजता उठून पळालं की काय?"

"माझी कात्री तू नेली होतीस."

"मी?"

"नाही तर कोण? मागे मागत होतीस. मी नाही म्हटलं, म्हणून मी प्रार्थनेला गेल्यावर गुपचूप नेलीस."

"तुझी कात्री मागायची म्हणजे उपास धरावा लागतो. मी वापरते माझी, दुकानातली. आणि नेली असती ना, तर तुझ्या तोंडावर सांगितलं असतं."

हे खरं होतं. अकाइतीने आयुष्यात कुठलीही गोष्ट कुणाच्या पाठीमागे केली नव्हती, सगळी भांडणं समोरासमोर. पण तेपाएरूचा पारा एकदा चढला की खरं-खोटं बघायला तो खाली येत नसे. तिने खिडकी धाडकन लावून घेतली. अकाइतीने बीट असं काही ढवळलं की निम्मं अंगणात उडालं. या नणंद-भावजयींचे अबोले घराला नवे नव्हते. त्यातला एक तर अख्खी रजई पुरी होईपर्यंत टिकला होता.

तिकडे ओसरीवर इना रोंगोचे केस विंचरत होती. कमरेपर्यंत आलेले, जन्मापासून कात्री न लागलेले केस. त्यांच्या बारीक बारीक बटा करून प्रत्येकीला रिबीन बांधायची, म्हणजे दुपारी पाहुणे एकेक करून पुढे येतील आणि आपापल्या वाट्याची बट कापतील. रोंगो ताठ बसला होता. दुखलं तरी हूं की चूं करत नव्हता. परक्या माणसासमोर मुलं बसतात तसा.

आणि इना तर त्याची आई होती.

तो दुडूदुडू चालायला लागला तेव्हाच ती कामासाठी ऑकलंडला गेली, वृद्धाश्रमात. बाप त्याआधीच ऑस्ट्रेलियातल्या खाणींवर गेला होता आणि त्याचं नाव या घरात कुणी काढत नसे. लेकीचा मुलगा आजी-आजोबांनी वाढवायचा यात बेटावर कुणाला नवल वाटत नाही, तेपाएरूलाही वाटलं नव्हतं. रविवारी फोन यायचा, रोंगो "हॅलो इना" म्हणायचा आणि फोन आजीच्या हातात देऊन पळायचा. पण गेल्या वर्षी तेपाएरूच्या नवऱ्याला, तुताईला, अर्धांगवायूचा झटका आला. त्याचा उजवा हात लुळा झाला, तोंड एका बाजूला गेलं, आणि तेपाएरूला पहिल्यांदाच समजलं की आपण दोघं या पोराला जन्मभर पुरणार नाही. इना पुढच्या आठवड्यात परत जायची होती. त्याआधी या पोराला आई मिळायला हवी, एवढंच तेपाएरूला या समारंभातून हवं होतं. त्यासाठी तिने स्वतःला बजावलं होतं की मध्ये पडायचं नाही. मध्ये न पडणं हे तिच्यासाठी किती कठीण होतं ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल.

मानेवरची सगळ्यात जाड बट इनाने शेवटी घेतली आणि तिला लाल रिबीन बांधली.

"ही पहिली," ती म्हणाली. "ही ओकोताईमामा कापणार."

"ती आजोबांची आहे," रोंगो म्हणाला.

होतीच. प्रवाळाच्या कड्यावर मासे धरायला जाताना तुताई त्या बटेला धरून पोराला चालवायचा. लाट आली की ओढायचा, गेली की सैल सोडायचा.

"हो रे बाळा, माहितेय मला. म्हणून तर मामा आजोबांच्या वतीने कापणार."

"वतीने नाही!"

"अरे, आजोबांचा हात..."

"वतीने नाही, वतीने नाही!" रोंगो उठला तो रिबिनींचा डबा उधळूनच. लाल रिबीन त्याने केसांसकट ओढून काढली. मेलबर्नहून आलेला थोरला मामा ओकोताई नेमका पांढराशुभ्र शर्ट घालून, सॅलडची परात दोन्ही हातांत घेऊन ओसरीवर चढत होता. रोंगो त्याच्यावर आदळला आणि परात उलटली. मामा छातीपासून खाली गुलाबी झाला. आणि मग पोराने वळून इनाच्या पोटात दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली.

"तू कोण सांगणारी? तू माझी कुणी नाहीस! जा तुझ्या ऑकलंडला!"

नीरफणसाखाली खुर्चीत बसलेल्या तुताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द यायला त्याला वेळ लागे.

ओकोताईचा हात वर गेला. "माझ्या वेळी मी असं केलं असतं ना, तर..."

"हात खाली घे," अकाइती म्हणाली आणि आपल्या गुलाबी पंजाने तिने त्याचं मनगट धरलं. शर्टाची बाही वाचली होती, तीही गेली.

तेवढ्यात रोंगो निसटला आणि मागच्या बाजूला, होडीच्या छपराकडे पळाला. तेपाएरूची पावलं आपोआप त्याच्यामागे वळली. तिला ठाऊक होतं काय करायचं ते. पाठीवरून हात फिरवायचा, कानाशी दोन ओळी गुणगुणायच्या, की काम फत्ते. ओसरीच्या पायरीवर ती थांबली. थांबताना तिला खांब धरावा लागला.

"त्याला कान धरून आणतो मी," ओकोताई म्हणाला. "दुपारी अख्खं गाव येणार आहे, पाद्री येणार आहेत. काय सांगायचं, नवरदेव रुसलाय?"

"पाद्रींनाही पोरं आहेत," अकाइती म्हणाली. "तू आधी शर्ट भिजत घाल."

"आत्या, तुम्ही लोकांनी लाडावून ठेवलंय त्याला."

"तुला नव्हतं ठेवलं, बघ कसा गुणाचा निघालास."

इना पोटावर हात धरून उभी होती. डोळे भरले होते, पण पाणी खाली येऊ देत नव्हती. "आई, तू जा. तुझंच ऐकतो तो."

"तू जा," तेपाएरू म्हणाली.

"मी नकोय त्याला. ऐकलंस ना काय म्हणाला ते?"

"ऐकलं. म्हणूनच तू जा."

"जाऊन बोलू काय?"

"मला काय विचारतेस? तुमच्या आश्रमात तो ताटं भिरकावणारा म्हातारा आहे ना, फोनवर सांगतेस तो. त्याला काय बोलतेस?"

"काहीच नाही. शेजारी बसते. फेकून झालं की मग विचारते."

"मग बस जा."

इना गेली. तेपाएरूने स्वयंपाकघरातून एक नारळ उचलला, कारण हातात नारळ असला की माणूस कुठेही जाऊ शकतं, आणि ती लांबच्या वाटेने छपराच्या मागे जाऊन उभी राहिली. मध्ये पडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ऐकायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं.

छपराच्या फळ्यांमधून तुताईची होडी दिसत होती. झटका आल्यापासून ती पाण्यात गेली नव्हती. ताडपत्रीखाली काहीतरी हुंदके देत हलत होतं.

"जा," ताडपत्रीतून आवाज आला.

"मी इथे वाळूत बसते," इना म्हणाली.

"लांब बस."

इना सरकली. "एवढं?"

"अजून."

ती अजून सरकली. "आता याच्यापुढे पाणी आहे रे."

ताडपत्रीखालून पाणी उपसायची करवंटी भिरभिरत आली आणि इनाच्या गुडघ्यावर आदळली. फळीमागे तेपाएरूने नारळ दोन्ही हातांनी आवळला. तिच्या जिभेवर एक सणसणीत शिवी आली होती. आपल्या लेकीला मारलं म्हणून नातवाला शिवी द्यावी, की नातवाला रडवलं म्हणून लेकीला, हे ठरेना म्हणून ती तिने गिळली.

"हे मला लागलं," इना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "फेकायचंय तर तिकडे फेक, खेकड्यांच्या बाजूला. रागाव हवा तेवढा. मारायचं मात्र नाही."

दुसरी करवंटी खेकड्यांच्या बाजूला गेली. मग जाळं तरंगवायचा एक लाकडी ठोकळा. मग एक चप्पल. इना बघत राहिली. गप्प हो म्हणाली नाही, लोक काय म्हणतील म्हणाली नाही. फेकायचं संपलं तेव्हा बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं, आणि तेही हळूहळू ओसरलं.

"फार राग आलाय तुला," इना म्हणाली. "माझ्याकडून काहीतरी चुकलंय. काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. तू सांगशील तेव्हा मी ऐकेन."

होडीच्या कडेवर एक साळुंकी येऊन बसली आणि उडून गेली. तेपाएरूला वाटलं, आता इना उठणार, कंटाळणार. पण आश्रमातल्या म्हाताऱ्यांनी पोरीला बसायला चांगलं शिकवलं होतं.

"तू आजोबांना विचारलंस?" ताडपत्रीतून प्रश्न आला.

"काय?"

"त्यांना कापायचंय का, ते."

"नाही," ती म्हणाली. "नाही विचारलं. मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर हात थरथरला तर त्यांना लाज वाटेल. मी तिकडे रोज बघते रे. चमचा सांडला तरी म्हातारी माणसं मान खाली घालतात. बाबांचं तसं होऊ नये म्हणून..."

"त्यांचा उजवा लुळा आहे. डावा नाही थरथरत."

"पण डाव्या हाताने त्यांना कुठे कापता येतं?"

"आता येतं."

ताडपत्री बाजूला झाली. रोंगोचं तोंड रडून सुजलं होतं आणि अर्ध्या बटा सुटल्या होत्या. त्याने होडीच्या फळीखालून एक गाठोडं ओढून काढलं आणि इनाच्या पुढ्यात उलटं केलं. केवड्याच्या पानांच्या पट्ट्या होत्या, जुन्या जाळ्याचे तुकडे होते, दोऱ्यांची टोकं होती. काही पट्ट्या उंदराने कुरतडल्यासारख्या, काही वाकड्या, आणि वरच्या काही अगदी सरळ.

"ह्या आधीच्या," रोंगो म्हणाला. "तेव्हा त्यांना कात्री धरताच यायची नाही. इतके चिडायचे! फेकूनच द्यायचे. एकदा समुद्रात टाकली."

"मग तू काय करायचास?"

"आणून द्यायचो. काही बोलायचो नाही. बोललं की अजून चिडतात." त्याने बाहीने नाक पुसलं. "आज सगळ्यांना दाखवायचं होतं. कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं. आजीला पण नाही."

"आजीला का नाही?"

"आजीचीच तर कात्री आहे."

छपरामागे तेपाएरूच्या हातून नारळ निसटला आणि तिच्याच पायावर पडला. ती ओरडली नाही, हीच तिची त्या दिवशीची मोठी कामगिरी म्हणायची. केवड्याच्या त्या पट्ट्या तिने अंगणातून कितीदा झाडून काढल्या होत्या आणि कितीदा कोंबड्यांना शिव्या घातल्या होत्या! घरात इतके महिने हे चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नाही. आणि पोराने सांगितलं ते इनाला, आपल्याला नाही. हे तिला लागलं, अंगठ्यापेक्षा जास्त लागलं. पण त्या लागण्याच्या खालीच दुसरंही काहीतरी होतं. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवल्यावर वाटतं तसं. ती तशीच उभी राहिली, हलली नाही.

"चूक माझी आहे," इना म्हणत होती. "विचारायला हवं होतं, आजोबांना आणि तुलाही. आता काय करायचं, तू सांग."

"पहिली आजोबा."

"पहिली आजोबा."

"आणि तू माझं डोकं धरायचं. मी हललो तर त्यांना जमत नाही."

"धरेन."

रोंगो होडीतून उतरला. इनापासून जरा अंतर ठेवून वाळूत बसला. "तुला मारलं मी. दुखलं?"

"पोटात थोडं. तू माझी कुणी नाहीस म्हणालास, ते जास्त."

"ते रागात."

"माहितेय. थोडं खरंही होतं त्यात. मी तिकडे होते, इथे नव्हते. त्याचा राग यायचाच. तो पण काढ हवं तर, मी आहे अजून काही दिवस."

रोंगोने यावर विचार केला. "आज नको," तो म्हणाला. "आज केस कापायचेत." आणि त्याने सुटलेल्या बटा पुन्हा बांधायला तिच्याकडे पाठ केली.

तेपाएरू लंगडत घरी परतली. ओसरीवर ओकोताई उघड्या अंगाने शर्ट चोळत होता.

"काय झालं? येतोय का?"

"येतोय. पहिली बट तुझे बाबा कापणार."

"बाबा? अगं आई, लोकांसमोर कशाला तमाशा? आणि मग मी मेलबर्नहून कशासाठी आलो?"

"बाबांना खुर्चीपर्यंत आणायला कुणीतरी दांडगा माणूस लागेलच," तेपाएरू म्हणाली. अकाइती परात घासत होती. तिच्याकडे न बघता तेपाएरू पुढे म्हणाली, "बटाटे शिल्लक आहेत. सोलायला मी येते."

अकाइतीने भुवया उंचावल्या, पण सुरी पुढे केली.

दुपारी मांडव भरला. सगळ्यात सुंदर तिवाएवाए खुर्चीवर पसरली होती, आणि तिच्यावर रोंगो बसला होता, डोक्यावर फुलांचा मुकुट, शर्ट पांढरा, नाक अजून लाल. त्याआधी तो मामाचा दुसरा शर्ट स्वतः आणून देऊन आला होता आणि "सॉरी" इतकं हळू म्हणाला होता की ओकोताईला ते दोनदा म्हणवून घ्यावं लागलं. ढोल वाजले. पाद्रींची प्रार्थना लांबली, तशी ती नेहमीच लांबते. मग ओकोताईने माइक खाली ठेवला, नीरफणसाखाली जाऊन बापाला काखेत हात घालून उठवलं आणि एकेक पाऊल टाकत खुर्चीमागे आणून उभं केलं.

मांडवात कुजबुज झाली. तुताईने डावा हात पुढे केला. तेपाएरूने तीच कात्री, त्याच्या हाताच्या सवयीची, त्यात ठेवली आणि ती मागे सरली.

इना गुडघ्यांवर बसली आणि तिने रोंगोचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. रोंगोने डोळे मिटले. "इना, घट्ट धर," तो म्हणाला. हाक तीच होती, फोनवरचीच. पण फोनवर तो ती टाकून पळायचा, आता पळत नव्हता. तेपाएरूला तेवढं पुष्कळ झालं.

कात्री बटेवर मिटली आणि घसरली. पुन्हा मिटली, केसांची घडी झाली. तुताईचं तोंड लाल व्हायला लागलं. समोरच्या रांगेतून एक भाऊबंद मदतीला उठला, तो तेपाएरूच्या नजरेने परत खाली बसला. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा तुताईच्या घशातून गुरगुर आली आणि त्याने कात्री फेकून दिली. ती रोंगोच्या मांडीवर पडली. रोंगोने डोळे उघडले नाहीत, डोकं हलवलं नाही. मांडीवर चाचपडून त्याने कात्री उचलली, खांद्यावरून मागे धरली आणि काहीही न बोलता वाट बघत राहिला.

तुताई त्या छोट्या हाताकडे बघत होता. मग त्याने कात्री घेतली. ओकोताईने बापाचा खांदा आणखी घट्ट धरला. पाती हळूहळू, करकरत, एकेक केस चावत मिटली आणि बट तुताईच्या लुळ्या हाताच्या बोटांवर पडली.

मग जो गलका झाला तो पलीकडच्या गावातही ऐकू गेला असेल. ढोलवाले ताल विसरले. पाद्री टाळ्या वाजवत होते आणि इना पोराच्या मानेत तोंड खुपसून रडत होती. "इना, गुदगुल्या होतात," रोंगो म्हणत होता, पण बाजूला होत नव्हता.

दुसरी बट आजीची. तेपाएरू पुढे आली, डोळे पुसून तिने कात्री लावली आणि दाबली. केस पात्यांत अडकून बसले. तिने पुन्हा दाबली. काही नाही.

मागून अकाइतीचा आवाज आला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा. "आता विचार की वहिनी! सकाळी मला विचारलंस, आता सगळ्यांसमोर विचार!"

लोक हसायला लागले. तेपाएरूने कात्री उंच धरली. "बरं," ती म्हणाली, "विचारते. माझ्या कात्रीची वाट कुणी लावली?"

खुर्चीवरून एक छोटा हात वर आला. आणि त्याच्या मागोमाग तुताईचा डावा, मुठीत ती बट धरलेला, जराही न थरथरता.